डायडो आणि मस्तानी

ख्रिस्तोफर मार्लोचे ‘डायडो, कार्थेजची राणी’ हे नाटक १५९४ साली छापले गेले. ट्रॉयचा वीर इनिअस याला देवांची आज्ञा होते : राणीला सोड, इटलीस जा. तो जातो, आणि डायडो अग्नीत देह टाकते. कर्तव्य त्याचे, किंमत मात्र तिची!

आता आपला बाजीराव पाहा. त्याने मस्तानीसाठी मोहीम टाकली नाही, की मोहिमेसाठी मस्तानीला टाकले नाही. तो नासिरजंगावर चालून गेला असता पुण्यात तिला कैदेत ठेवले ते घरच्यांनी. जी गोदावरी पुढे आपल्या नांदेडास येते, तिच्याच काठच्या मुलखात १७४० च्या फेब्रुवारीत मुंगी-शेवगावचा तह झाला. परंतु विजयी पेशवा पुण्यास न परतता खरगोणकडे वळला, आणि २८ एप्रिलला नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारला. पाठोपाठ मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे.

त्यांचा पुत्र समशेरबहादूर १७६१ साली पानिपतावर मराठ्यांकडून लढला आणि त्या जखमांनीच मेला. ज्या घराने आईला परके मानले, त्याच घराचे कर्तव्य मुलाने बजावले.

श्रोतेहो, इनिअसला निदान देवांच्या आज्ञेची सबब होती. पुण्यातील आज्ञा माणसांची होती. म्हणूनच ती बदलता आली असती.