कॅसेटवरून डीव्हीडीवर

आपल्या उत्सवाचे चित्रण पूर्वी व्हीएचएस कॅसेटवर व्हायचे. जेव्हीसीने ही पद्धत १९७६ साली जपानमध्ये आणली. कॅसेटची प्रत मूळ चित्रापेक्षा फिकी निघे. प्रतीची प्रत तर बघवत नसे. १९९७ मध्ये पायोनियरने लिहिता येणारी डीव्हीडी आणली आणि पुढे काही वर्षांत राइटर घरच्या संगणकात आले.

तीन तासांची कॅसेट संगणकात उतरवायला पूर्ण तीन तासच लागत. ४.७ जीबीच्या डीव्हीडीत चांगल्या दर्जाचे साधारण दोन तास मावत, म्हणजे तीन अंकी नाटकाला दोन डीव्हीडी! शेवटी ‘फायनलाइझ’ केले नाही, तर पुष्कळ प्लेयर ती ओळखतच नसत. पण एक डीव्हीडी नीट जमली, की पंधराव्या घरची प्रतही तितकीच स्वच्छ.

सिनेमाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून निघते. घरच्या डीव्हीडीत लेसर रंगद्रव्याच्या थरावर खुणा करतो आणि ऊन, उष्णता यांनी तो थर बिघडतो. आपल्या काही डीव्हीडी आताच अडखळू लागल्या आहेत. नाटकांतून कामे केलेल्या कित्येक काका-मावशींचे आवाज आज तेवढ्यातच उरले आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ड्राइव्ह नसतो. माझ्याकडे बाहेरून जोडायचा आहे. मी सगळे हार्ड डिस्कवर उतरवतो आहे. कपाटातली डीव्हीडी, आणि मूळ कॅसेट असेल तर तीही, आरतीला येताना घेऊन या.