आभासी यंत्रें आणि एक कुलूप

संगणकावर आभासी यंत्र चालवूं पाहणाऱ्या गृहस्थास पुष्कळदां पडद्यावर एक वाक्य वाचावयास मिळतें : या प्रोसेसरमधील व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद केलेली आहे. वाक्य लहान असलें तरी मोठें चमत्कारिक आहे. सोय नाहीं असें तें म्हणत नाहीं. सोय आहे, पण बंद आहे, असें म्हणतें. पैसे मोजून घरीं आणलेल्या वस्तूचा एक भाग कुलपांत असावा, आणि तें कुलूप कोणीं घातलें व कां घातलें हें धन्यासच ठाऊक नसावें, हा प्रकार विचार करण्यासारखा खरा. त्या कुलपाचा इतिहास आज मी आपणांस सांगणार आहें.

आभासी यंत्र म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. एका खऱ्या संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक असल्याचा देखावा उभा करावयाचा. त्यास स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम द्यावयाची. आणि आंत नांदणाऱ्या त्या सिस्टीमला आपण मालक नसून भाडेकरू आहों, याचा पत्ताहि लागूं द्यावयाचा नाहीं. एका वाड्यांत अशीं अनेक बिऱ्हाडें थाटतां येतात. त्या सर्वांवर देखरेख करणारा जो प्रोग्रॅम असतो, त्यास हायपरव्हायझर म्हणतात. आपण त्याला वाड्याचा कारभारी म्हणूं.

ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९६४ च्या एप्रिलांत 'सिस्टीम ३६०' या यंत्रमालिकेची घोषणा केली. त्या काळीं संगणक म्हणजे दालन भरून टाकणारें धूड, आणि त्याची किंमत अशी कीं, एका माणसानें तें अडवून बसणें ही उधळपट्टीच. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील केंब्रिज येथें कंपनीचें एक शास्त्रीय केंद्र होतें. तेथें रॉबर्ट क्रीझी व त्यांचे सहकारी यांनीं 'मॉडेल ४०' या यंत्रांत थोडा फेरफार करून 'सी. पी. ४०' नांवाची रचना सिद्ध केली. १९६७ च्या जानेवारींत ती नित्य उपयोगांत आली. त्या एका यंत्राचीं १४ आभासी यंत्रें होत, आणि प्रत्येकापुढें बसलेल्या माणसास सगळें यंत्र आपलेंच असें वाटे. पुढें १९७२ च्या ऑगस्टांत कंपनीनें याच वंशांतील 'व्ही. एम. ३७०' गिऱ्हाइकांकरितां जाहीर केलें.

जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनीं १९७४ सालीं एका निबंधांत या विषयाचें शास्त्र बांधून दिलें. त्याचें सार थोडक्यांत असें : यंत्राची जी जी आज्ञा सामाईक व्यवस्थेस हात लावते, ती भाडेकरूनें उच्चारतांच यंत्रानें थबकून कारभाऱ्यास हांक मारली पाहिजे. एकहि आज्ञा नजर चुकवून गेली, तर देखावा मोडला.

आतां आपल्या घरांतून व कचेऱ्यांतून जे संगणक दिसतात, त्यांतील बहुतेकांचें कुळ मात्र निराळें. तें इंटेल कंपनीच्या १९७८ मधील ८०८६ या लहानशा प्रोसेसरपासून चालत आलें. १९८५ मध्यें त्याचा वंशज ३८६ निघाला. त्यांत अधिकाराच्या चार पायऱ्या होत्या, आणि आपल्या आजोबाचें, म्हणजे ८०८६ चें, सोंग आणण्याची युक्तीहि होती. परंतु स्वतःचेंच सोंग त्याला आणतां येत नव्हतें ! कारण त्याच्या आज्ञांत कांहीं घरभेदी होत्या. 'पॉपएफ' ही आज्ञा नमुन्यादाखल घेऊं. अधिकाऱ्याच्या पायरीवरून ती दिली, तर बाहेरून येणाऱ्या हांका ऐकावयाच्या कीं नाहींत, हें ती ठरविते. तीच खालच्या पायरीवरून दिली, तर यंत्र थांबत नाहीं, तक्रार करीत नाहीं. तेवढा भाग मुकाट्यानें गाळून पुढें जातें. भाडेकरूस वाटतें कीं आपला हुकूम बजावला गेला, आणि कारभाऱ्यास तर हुकूम दिला गेल्याचीच वार्ता नसते. ज्यांनीं वर्गावर कांहीं वर्षें काढलीं आहेत, त्यांना हें चटकन् कळेल : बोट वर करून विचारणाऱ्या मुलाला आवरतां येतें, न विचारतां खिडकीवाटे जाणाऱ्यास आवरणें कठीण. रॉबिन व अर्व्हाइन या संशोधकांनीं २००० सालीं पेंटियम प्रोसेसरमधील अशा आज्ञा मोजल्या, त्या १७ भरल्या.

तरीसुद्धां माणसानें वाट काढलीच. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन प्रभृति मंडळींनीं १९९८ सालीं 'व्ही. एम. वेअर' ही कंपनी स्थापिली व पुढच्याच वर्षीं आपला प्रोग्रॅम बाजारांत आणला. युद्धकाळांत सेन्सॉर जसा टपालांतील पत्र आधीं वाचून आक्षेपार्ह ओळ बदली, तसा हा प्रोग्रॅम भाडेकरूच्या आज्ञा आधीं वाचून घरभेदी आज्ञांच्या जागीं निरुपद्रवी आज्ञा लिही. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठांत २००३ सालीं निघालेल्या 'झेन' या कारभाऱ्यानें याच्या उलट मार्ग धरला : भाडेकरूस सरळ खरें सांगून टाकावें, आणि त्याच्याच वागण्यांत सुधारणा करून घ्यावी. युक्ति सरळ, पण ज्या सिस्टीमच्या मूळ लिखाणांत हात घालतां येत नाहीं, तिच्या बाबतींत ती निरुपयोगी.

शेवटीं दुखण्याचें मूळ प्रोसेसरमध्येंच होतें, तेथेंच त्यावर उपाय झाला. इंटेलनें नोव्हेंबर २००५ मध्यें पेंटियम ४ च्या दोन प्रतींत, आणि ए. एम. डी. कंपनीनें मे २००६ मध्यें आपल्या प्रोसेसरांत, कारभाऱ्याकरितां वेगळा दर्जाच निर्माण केला. आतां भाडेकरू सर्वांत वरच्या पायरीवर खुशाल बसो. त्याहूनहि वर कारभाऱ्याची गादी आहे, आणि कारभाऱ्यानें नेमून दिलेल्या प्रसंगीं प्रोसेसर आपण होऊन त्याच्या हातीं सूत्रें देतो.

आणि येथेंच कुलूप आलें. इंटेलच्या प्रोसेसरांत एक खास रजिस्टर आहे. संगणक सुरू होतांना सर्वांआधीं जागें होणारें जें बायोस, तें त्यांत दोन खुणा करतें. सोय चालू कीं बंद, ही एक. आणि हा निर्णय आतां कोणी फिरवूं नये, ही दुसरी. दुसरी खूण पडली कीं यंत्र पुन्हां सुरू होईपर्यंत ती पुसण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमलाहि नाहीं. ए. एम. डी. च्या प्रोसेसरांतहि अशीच बंदी घालतां येते.

संगणक तयार करणाऱ्या अनेकांनीं ती बंदी घालूनच माल पाठविला. कारण सुरक्षिततेचें सांगण्यांत येई, आणि त्याला आधार अगदींच नव्हता असें नाहीं. जोआना रुटकोव्स्का या पोलिश विदुषीनें २००६ च्या ऑगस्टांत लास व्हेगास येथील परिषदेंत 'ब्लू पिल' नांवाचा प्रयोग करून दाखविला. चालू असलेली ऑपरेटिंग सिस्टीम तिच्या नकळत उचलून आभासी यंत्रांत ठेवावयाची आणि चोरानें कारभारी होऊन बसावयाचें, असा तो बेत. सोनी कंपनीनें २००९ मध्यें आपल्या व्हायो जातीच्या संगणकांबाबत अशाच भीतीचा हवाला दिला. परंतु ज्यास हा चोरीचा बेत तडीस न्यावयाचा, त्यास आधीं यंत्रावर जवळजवळ पूर्ण सत्ता मिळवावी लागते. तेवढी सत्ता हातीं आलेल्यास दुसऱ्या वाटा थोड्या नसतात. चोराच्या भयानें खोली बंद करणें समजूं शकतें. किल्लीच धन्यास न देणें समजत नाहीं. त्या संगणकांच्या पडद्यावर ही सोय चालू करण्याचें कलमच नव्हतें, आणि कांहीं धाडसी धन्यांनीं बायोसच्या पोटांत हात घालून ती चालू करून घेतली.

त्याच वर्षीं विंडोज ७ निघालें. त्यांत जुने प्रोग्रॅम चालविण्याकरितां 'एक्स. पी. मोड' नांवाचें आभासी यंत्र मिळे, पण त्यास प्रोसेसरची ही सोय आवश्यक होती. कुलपापुढें इतके लोक अडले कीं, मार्च २०१० मध्यें मायक्रोसॉफ्टला ती अट काढून टाकावी लागली.

आमच्या आळींतील एका विद्यार्थ्यास एका दुकानदारानें "तुझा संगणक या कामाचा नाहीं, नवा घे" असें सांगितलें होतें. बापाचा दोन महिन्यांचा पगार त्यांत गेला असता. प्रत्यक्षांत काम दहा मिनिटांचें निघालें, म्हणून त्याची रीत सांगतों. विंडोजमध्यें टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागांत सी. पी. यू. पाहावें; तेथें व्हर्च्युअलायझेशन चालू कीं बंद तें लिहिलेलें असतें. लिनक्समध्यें प्रोसेसरच्या गुणांच्या यादींत इंटेल असल्यास 'व्हीएमएक्स' व ए. एम. डी. असल्यास 'एसव्हीएम' हा शब्द शोधावा. मग यंत्र पुन्हां सुरू करून डिलीट, एफ २ किंवा कंपनीनें नेमलेली दुसरी कळ दाबीत बायोसमध्यें शिरावें. तेथें कलमाचें नांव कोठें 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', कोठें 'एसव्हीएम मोड', तर जुन्या यंत्रांत 'व्हँडरपूल' असेंहि असतें. आणि तें प्रोसेसरच्या पानावर नसलें तर सुरक्षिततेच्या पानावर सांपडतें. तें चालू करून, बदल जतन करून, यंत्र एकदां पुरतें बंद करावें. जुन्या यंत्रांत नुसतें पुन्हां सुरू केल्यानें भागत नसे. इंटेलनें आपल्या कांहीं स्वस्त प्रतींतून ही सोय मुळांतच वगळली होती. तेथें मात्र इलाज नाहीं.

आणखी एक घोटाळा अलीकडचा आहे. बायोसमध्यें सोय चालू असून दुसरा कारभारी नाहीं म्हणून सांगतो, तेव्हां बहुधा विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही हा कारभारी आधींच गादीवर बसलेला असतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो घरगुती वापराच्या यंत्रांच्या कांहीं आवृत्त्यांतहि आला, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्यें तर सिस्टीमचा अत्यंत नाजूक भाग याच सोयीच्या आडोशास ठेवतां येतो. चोराच्या भयानें जी खोली बंद होती, तींतच आतां पहारेकरी राहावयास आला आहे. त्यामुळें पुष्कळसे तयार संगणक ती खोली उघडी ठेवूनच येतात. सुटे भाग जुळवून केलेल्या यंत्रांत मात्र, विशेषतः ए. एम. डी. च्या, तें कलम अद्यापि पुष्कळदां बंदच आढळतें.