कुर्सियांगहून दिल्लीस

परमुलखात उपदेश करावयास जाणाऱ्यास प्रथम तेथील लोकांपाशी शिष्यत्व पत्करावे लागते. एका कॅथलिक पाठशाळेच्या इतिहासात आम्हांस या गोष्टीचा उत्तम प्रत्यय येतो.

बेल्जियन जेझुइटांनी 1879 मध्ये आसनसोल येथे मिशनरी विद्यार्थ्यांसाठी धर्मशास्त्राची ही पाठशाळा काढली. 1889 मध्ये ती दार्जिलिंगच्या डोंगरांत कुर्सियांग येथे गेली आणि ‘सेंट मेरीज कॉलेज’ म्हणून नावारूपास आली. थंड हवा व एकान्त अध्ययनास अनुकूल होता खरा. परंतु ज्यांच्यात पुढे आयुष्य घालवावयाचे ते लोक दूर खाली सपाटीवर आणि छोटानागपूरच्या रानांत राहत होते.

हे अंतर कसे तुटले? आसनसोलचे विद्यार्थी फादर कॉन्स्टंट लिव्हन्स 1885 मध्ये छोटानागपुरात गेले. मुंडा व उरांव शेतकऱ्यांच्या जमिनी जमीनदारांच्या घशात जात होत्या. लिव्हन्सांनी जमिनीचे कायदे अभ्यासले आणि कज्जेखटल्यांत त्यांना साह्य केले. पाठोपाठ हजारोंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. येथे न्यायदान कोठे संपते आणि धर्मप्रसार कोठे सुरू होतो, हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो अस्थानीही नाही. तथापि कायद्याचा तो धडा धर्मशास्त्राच्या ग्रंथांतला नव्हता. तो रयतेच्या गाऱ्हाण्यांतून मिळाला होता, हे निर्विवाद.

फादर कामिल बुल्के 1935 मध्ये भारतात आले. कुर्सियांग येथे धर्मशास्त्र शिकून 1941 मध्ये त्यांनी धर्मगुरूची दीक्षा घेतली. पुढे अलाहाबाद विद्यापीठात, प्रघात इंग्रजीचा असतानाही, त्यांनी रामकथेवरील प्रबंध हट्टाने हिंदीतच लिहिला. तो 1950 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 1968 मध्ये त्यांचा इंग्रजी-हिंदी कोशही आला. धर्म शिकवण्यास आलेला हा गृहस्थ तुलसीदासांचा भक्त होऊन राहिला!

मराठी वाचकांस हे नवे वाटू नये. आसनसोलच्या पाठशाळेपूर्वी बरोबर तीनशे वर्षे, 1579 मध्ये, याच संघाचे फादर स्टीफन्स गोव्यास उतरले. त्यांनी मराठी आत्मसात करून ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 मध्ये छापले गेले.

1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला आणि अन्य धर्मांशी संवादाची वाट मोकळी केली. 1972 मध्ये कुर्सियांगची पाठशाळा दिल्लीस आली. सेंट मेरीचे नाव जाऊन ‘विद्याज्योती’ हे संस्कृत नाव आले. परदेशी तरुणांसाठी निघालेल्या या संस्थेत आता भारतीय विद्यार्थी भारताच्याच प्रश्नांचा विचार करतात.

नोकरीनिमित्त प्रांतोप्रांती फिरणाऱ्या आम्हां मराठी मंडळींस या इतिहासाचे महत्त्व सांगावयास नकोच. बंगल्याच्या आवारात आपले एक कुर्सियांग थाटून राहणे सोपे असते. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी ज्या रयतेचे अर्ज आम्ही निकालात काढतो, तिची भाषा शिकून घेणे मात्र आमच्या हाती आहे.