वॉर्डची पेटी आणि पाणी धरणारा सांधा

समोर टेबलावर ही काचेची पेटी ठेवलेली बघून आत येतानाच काही जणांनी विचारलं, की आज इतिहास आहे की बागकाम? दोन्ही आहे. पेटी आम्हीच बनवली आहे. दोन फूट लांब, आत नेचे आणि मॉस, डाव्या बाजूला एक छोटं कुंड. कुंडातला पंप पाणी वर चढवतो आणि ते दगडांवरून परत कुंडात येतं. म्हणजे टेरेरियम, आणि त्यात एक हातभर धबधबा. ही पेटी एकदा फसली होती. का फसली ते शेवटी सांगू, कारण त्याआधी लंडनमधला एक डॉक्टर तुम्हाला भेटायला हवा.

नाव नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड. जन्म १७९१, मृत्यू १८६८. लंडनच्या पूर्व भागात, गोद्यांजवळ, वेलक्लोज चौकात राहायचा आणि तिथेच दवाखाना चालवायचा. वनस्पतींचं वेड लहानपणापासूनचं. त्याने घरामागच्या अंगणात दगड रचून एक छोटा डोंगर केला, वर भोकं पाडलेली शिशाची नळी बसवली आणि तिच्यातून पाणी झिरपत ठेवलं. खाली नेचे आणि मॉस. म्हणजे बघा, आमच्या टेबलावर आहे तेच, फक्त उघड्यावर. आणि ते मेलं. पाणी भरपूर होतं, पण दगडी कोळशाच्या धुराने झाडं जगेनात. वॉर्डने नाद सोडला.

मग १८२९चा उन्हाळा. वॉर्डला पतंगही पाळायचे होते. एका मोठ्या पतंगाचा कोष त्याने ओलसर मातीत पुरला, माती रुंद तोंडाच्या बाटलीत, वर झाकण. रोज बघायचा. त्याला दिसलं, की दिवसा उन्हाने मातीतली ओल वर चढते, काचेवर थेंब धरतात, आणि ते थेंब पुन्हा मातीत उतरतात. कोषातून पतंग बाहेर यायच्या सुमाराला मातीत दोन कोंब दिसले, एक नेच्याचा आणि एक साध्या गवताचा. अंगणात इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते बाटलीत आपोआप झालं. त्याने बाटली खिडकीबाहेर ठेवून दिली. जवळजवळ चार वर्षं ती झाडं जगली, पाणी न घालता. गवताला एकदा फुलोराही आला.

मेली कशाने? ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबत नाहीत, आपण थांबू. बाटलीचं झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाडं गेली. धुराने नाही, तहानेनेही नाही. सांधा गेला म्हणून.

वॉर्डने यावरून मोठ्या पेट्या बनवायला घेतल्या. लाकडी चौकट, तिरक्या छपराच्या काचा, फटी लांबीने भरलेल्या. लांबी म्हणजे आपले सुतार अजून वापरतात तीच, खडूची पूड आणि जवसाचं तेल. पण त्याला शेवटपर्यंत एका गैरसमजाशी भांडावं लागलं. लोकांना वाटायचं पेटी हवाबंद आहे. वॉर्ड सांगायचा, तशी ती नाहीच, थोडी हवा येतजात राहते. बंद ठेवायचं असतं ते पाणी. आणि जास्तीचं पाणी आत साठूही द्यायचं नसतं. म्हणून तळाला निचऱ्याचा थर आणि एक बूच. झाडं लावल्यावर भरपूर पाणी घालायचं, बूच काढून जादा पाणी वाहू द्यायचं, मग बूच लावून पेटी मिटायची. पेटी विकत घेणारे पुष्कळ जण काच बघायचे आणि बूच विसरायचे, असा आमचा अंदाज आहे. कारण आम्हीही तेच केलं.

जून १८३३ मध्ये त्याने दोन पेट्या डर्बी नावाच्या जहाजावर चढवून सिडनीला पाठवल्या. आत नेचे, मॉस आणि गवत. पोचले तेव्हा जिवंत. त्याच पेट्यांमध्ये ऑस्ट्रेलियातली झाडं भरून फेब्रुवारी १८३४ मध्ये परत पाठवली. हा परतीचा प्रवास आठ महिन्यांचा. केप हॉर्नजवळ डेकवर बर्फ पडलं, तापमान शून्याखाली सात अंश सेल्सियसपर्यंत गेलं. विषुववृत्तावर ते पन्नासच्या जवळ पोचलं. वाटेत कोणी पाणी घातलं नाही. लंडनला उतरलेल्या झाडांत एक नेचा असा होता, की जो ब्रिटनमध्ये तोवर कोणी जिवंत पाहिला नव्हता.

लॉडिजेस या बड्या रोपवाटिकेच्या जॉर्ज लॉडिजेसने याचा हिशोब मांडला. पूर्वी समुद्रावर वीस झाडांतली एकोणीस मरायची, आता वीसातली एकोणीस जगतात. का मरायची? डेकवरच्या खाऱ्या पाण्याचे फवारे, वारा, आणि गोड्या पाण्याची मारामार. खलाशी प्यायचं पाणी झाडांना कशाला देतील? पेटीने हा प्रश्नच ठेवला नाही. आत घातलेलं पाणी आतच फिरत राहिलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून धावतं सांगू. रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं भारतात आणली ती याच पेट्यांतून. चहाचं बी पेटीतल्या मातीत पेरायचं आणि ते वाटेतच उगवायचं. हिमालयातल्या मळ्यांना रोपं मिळाली, आणि चीनच्या हातातला धंदा हळूहळू सुटत गेला. मलेरियावरच्या क्विनाइनसाठी सिंकोनाची झाडं दक्षिण अमेरिकेतून आणायला १८६० मध्ये क्लेमंट्स मार्कहॅम गेला. त्याची रोपं पेट्यांतून निघाली, लाल समुद्राच्या उकाड्यातून आली आणि नीलगिरीत पोचल्यावर मेली, एकही वाचलं नाही. रिचर्ड स्प्रूसने मिळवलेलं लाल सालीचं बी, आणि रॉबर्ट क्रॉसने १८६१ मध्ये आणलेली रोपं, ती मात्र उटीत लागली. तेव्हा पेटी म्हणजे जादू नव्हती. आणि ज्यांच्या जंगलातून हे बी निघालं त्यांना त्यातलं काय मिळालं, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो सोपा नाही.

आता पुन्हा सांध्याकडे. वॉर्डच्या पेटीत ओल धरायची होती. उभं पाणी धरायचं म्हटलं की गोष्ट बदलते. लंडनच्या अपोथेकरीज हॉलमधला रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये एका मोठ्या काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पानं कुजून पाणी गढूळ झालं, तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या. त्या कुजकट खाऊ लागल्या आणि पाणी निवळलं. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. लक्षात घ्या, त्याचं भांडं अखंड काचेचं होतं, सांधा नव्हताच. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवल्यामुळे काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, आणि घरोघरी चौकोनी टाक्या आल्या. तळ पाटीच्या दगडाचा, चौकट लोखंडाची किंवा जस्ताची, बाजूंना काच. चौकोन आला की सांधे आले.

ते सांधे कशाने भरायचे? शेंदराने. हो, मारुतीला तेलात कालवून लावतो तोच शेंदूर. तो शिशाचा ऑक्साइड. जवसाच्या तेलात मळला की घट्ट होतो आणि पाणी धरतो. पण शिसं विषारी. त्यातून समुद्राचं पाणी भरलं की प्राणी मरायचे. म्हणून त्या काळच्या पुस्तिका सांगतात, की लांबीवर लाखेचा लेप द्या, आणि टाकी कित्येक आठवडे पाणी बदलत मुरवा. ही लाख बहुतेक आपल्याकडूनच जायची. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यातला मासा भारतातल्या लाखेच्या किड्याच्या भरवशावर जगत होता. ही आमची आवडती तपशिलाची गोष्ट, म्हणून जरा रेंगाळलो.

लोखंडी चौकटीची, डांबरी लांबीची टाकी विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. तिची खोड अशी, की टाकी रिकामी ठेवली की लांबी सुकून तडकायची आणि पुन्हा भरल्यावर गळायची. सिलिकॉन आलं तेव्हा ही चौकटच गेली. १९६०च्या दशकापासून काचेला काच थेट चिकटू लागली. व्हिनेगरसारखा वास येतो ना, तेच. गंमत अशी, की ते घट्ट व्हायला हवेतली ओल लागते. पाणी अडवणारी वस्तू पाण्यानेच पिकते.

आता आमची पेटी. सांध्यांना सिलिकॉन लावलं, आठवडाभर पिकू दिलं, मग काठोकाठ पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरून दोन दिवस ठेवलं. कागद कोरडा. मग कुंड आणि माती यांच्यामध्ये काचेचं आडवं लावलं, माती भरली, नेचे लावले, पंप सुरू केला. काचेची कड उघडी दिसू नये म्हणून तिच्यावरून मॉस सोडलं, छान दिसतं म्हणून. पंधरा दिवसांत कुंड रोज रिकामं होऊ लागलं. टेबल कोरडं. आम्ही सगळे सांधे पुन्हा तपासले, एकात एक सिलिकॉनही भरलं. नेचे मात्र पिवळे पडून मुळाशी कुजले.

गळती कुठेच नव्हती. मॉस दिव्याच्या वातीसारखं पाणी ओढत होतं, कुंडातून कडेवरून मातीत. माती भिजून चिखल झाली होती, आणि तळाला बूच नव्हतं. वॉर्डच्या बाटलीत पाऊस झाकणातून शिरला, आमच्या पेटीत मॉसवरून.

आता आडव्या काचेची कड बोटभर उघडी ठेवली आहे, मॉस तिला टेकत नाही. मातीखाली विटांच्या तुकड्यांचा थर आहे आणि कोपऱ्यात एक नळी उभी केली आहे. तिच्यातून सुई नसलेल्या सिरिंजने जादा पाणी ओढता येतं. नेचे नवीन आहेत, दीड महिन्याचे. प्रश्न घेऊ, आणि नंतर पुढे येऊन बघा. फक्त उजव्या कोपऱ्याला हात लावू नका, तिथलं सिलिकॉन कालच लावलंय.