भांड्यावरचे नाव : छिन्नीपासून मग प्रेसपर्यंत

भांड्यावर मालकाचे नाव, आहेर देणाऱ्याचे नाव किंवा गिऱ्हाईक सांगेल ते चित्र उमटवायचे, तर साधन कोणते घ्यायचे हे आधी भांड्याचा पृष्ठभाग ठरवतो; खिशाचा विचार त्यानंतर येतो. पितळेला छिन्नी चालते. चिनी मातीला भट्टी लागते. आज वाढदिवसाला भेट म्हणून मिळणारा फोटोचा मग तर मुळात मातीवर छापलेलाच नसतो. मातीवर चढवलेल्या पॉलिएस्टरच्या पातळ थरात त्याचा रंग मुरलेला असतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका गोवा आणि बेळगाव यांच्या कडेला आहे. या तिन्ही पद्धतींचा माग तिथून जवळपासच लागतो.

तालुक्यात कुंभारवाडा नावाचे गाव आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या एका वनपरिक्षेत्रालाही तेच नाव आहे. कुंभाराच्या मडक्यावर मात्र मालकाचे नाव घालण्याची रीत नव्हती. मडके स्वस्त, फुटणारे आणि सच्छिद्र. भाजल्यावर त्यावर शाई लावली तर ती पसरते आणि आत शोषली जाते. म्हणून जी काही नक्षी असेल ती माती ओली असतानाच करावी लागे: काठाखाली बोटाने किंवा काडीने ओढलेल्या रेघा, फार तर गेरूचा पट्टा.

नाव आले ते धातूच्या भांड्यावर. लग्नकार्यात घराघरांतून हंडे, पराती, तांबे गोळा होत आणि परत जाताना अदलाबदल होई. नाव घालण्याचे पहिले कारण हे, आहेराची हौस नंतरची. बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी एवढ्या सामानावर कारागीर काठाच्या खाली टिंबांची रांग ठोकत जाई. जवळून पाहिले तर त्या अक्षरांना सलग रेघ नसते, शिरोरेषासुद्धा टिंबटिंबांची असते. नाव बाहेरच्या अंगाला घालायचे, कारण आतून कल्हई होते आणि रोज घासणे चालते. स्टेनलेस स्टील घरोघर आल्यावर विजेवर थरथरणारी सुई आली आणि भांड्यांच्या दुकानातच नाव घालून मिळू लागले. दर बहुधा अक्षरावर असल्याने मजकूर आखडता घेतला जाई, ‘चि.’, ‘सौ.’ आणि आद्याक्षरे यांची या भांड्यांवर जी गर्दी दिसते, तिच्यामागे शिष्टाचाराइतकाच हिशेबही असावा.

चिनी मातीच्या भांड्यावर हुकमी मजकूर काढून घेण्याची प्रथा पोर्तुगीज व्यापाराबरोबर या किनाऱ्याच्या परिचयाची झाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अधिकारी आणि व्यापारी चीनमधल्या कारागिरांकडून आपली नावे घातलेली भांडी बनवून घेत. मलाक्क्याचा कप्तान पेरो द फारिया याच्या नावाचे आणि 1541 सालाचे वाडगे, तसेच जॉर्ज आल्वारिश याच्या नावाच्या 1552 च्या सुरया आजही संग्रहालयांत आहेत. त्या सुरयांवरचा लॅटिन अक्षरांतला मजकूर चिनी चित्रकाराने खाली डोके वर पाय असा उतरवला. लिपी येत नसलेल्या माणसाच्या हाती मजकूर दिला की काय होते, याचा हा जुना दाखला, आणि ही चूक पुढे छपाई यंत्रावर गेल्यावरही सुटली नाही.

हे सगळे हाताने रंगवलेले होते. छापील नक्षीची सुरुवात अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाली. तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून कागदावर ठसा घ्यायचा आणि कागद ओला असतानाच तो भांड्यावर दाबायचा, ही पद्धत लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी चालवली. 1756 मध्ये त्यांनी सहा तासांत बाराशेहून अधिक फरशा छापल्याचे प्रतिज्ञापत्र केले. जोशाया वेजवुड पुढे आपली कोरी भांडी छपाईसाठी त्यांच्याकडे पाठवू लागला. भांडे एकाने घडवायचे आणि छाप दुसऱ्याने उठवायचा, ही वाटणी तेव्हाची. आजचा मग छापणाराही कुंभारकाम करत नाही. तो खोक्यातून कोरे मग विकत आणतो.

जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉकला 1888 पर्यंत मुरगावकडून रेल्वे आली आणि पलीकडून सदर्न मराठा रेल्वे येऊन मिळाली. त्या काळातल्या रेल्वे कंपन्यांच्या उपाहारगृहांत कंपनीची अक्षरमुद्रा असलेल्या कपबश्या असत. त्यांचा छाप विलायतेतच भट्टीत पक्का होऊन येई. इथे चित्र छापण्याची कला नव्हती असे नाही. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हललेल्या रविवर्मा प्रेसने शिळाछपाईने देवादिकांची चित्रे घरोघर नेली. पण ती कागदावर. तीच चित्रे समोर ठेवून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी कारखान्यांनी हिंदू देवतांच्या झिलईदार फरशा भारतासाठी बनवल्या. भट्टी ज्याच्याकडे, धंदा त्याच्याकडे.

भट्टीचा प्रश्न जोयड्याला लागून असलेल्या खानापूर तालुक्यात थोडा सुटला. तिथली माती आणि कुंभारकी आधीपासून नावाजलेली. ग्रामोद्योगाच्या योजनेतून 1950 च्या दशकात खानापुरात केंद्रीय कुंभारी संस्था उभी राहिली आणि झिलई, साचे, सुधारित भट्ट्या यांचे शिक्षण मिळू लागले. झिलई म्हणजे मातीवर वितळून बसलेली काच. तिच्यावर रंग थांबतो आणि छपाईला जागा मिळते. कारखान्यांत रूढ असलेला मार्ग डीकॅलचा. धातूंच्या ऑक्साइडांचे रंग स्क्रीनने खास कागदावर छापायचे, कागद पाण्यात भिजवून चित्राची साय सरकवत कपावर बसवायची, आतले पाणी रबरी पट्टीने काढायचे आणि कप पुन्हा साधारण 750 ते 850 अंशांवर भाजायचा. रंग झिलईत रुततो, म्हणून वर्षानुवर्षे धुऊनही टिकतो. मात्र प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. शंभर कपांना हे परवडते, एका कपाला नाही.

एका कपाची सोय झाली ती कापड उद्योगातून. फ्रान्समध्ये 1957 मध्ये नोएल द प्लास याला असे आढळले की काही रंग तापवल्यावर वितळत नाहीत, थेट वाफ होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरतात. शाळेत कापूर तापवून दाखवतात ते हेच संप्लवन. बाजारात त्याला सब्लिमेशन म्हणतात. संगणक आणि इंकजेट प्रिंटर हाताशी आल्यावर ही पद्धत कपड्यावरून मगवर आली. त्यासाठी मगवर पॉलिएस्टरचा लेप हवा. दुकानातला साधा कप कितीही पांढराशुभ्र असला, तरी त्यावर चित्र उमटत नाही, उमटलेच तर पहिल्या धुण्यात जाते. या शाईत पांढरा रंग नसतो, त्यामुळे मग पांढरा किंवा फिकाच घ्यावा लागतो.

जोयड्यासारख्या ठिकाणी या कामाची जुळवाजुळव करताना पहिली निवड प्रिंटरची. प्रिंटरचे डोके दोन प्रकारचे असते. एकात शाई क्षणभर उकळून बाहेर फेकली जाते, दुसऱ्यात विजेच्या दाबाने वाकणारा स्फटिक शाई ढकलतो. उष्णतेने वाफ होणारी शाई पहिल्या प्रकारात चालत नाही, म्हणून या धंद्यात दुसऱ्या प्रकारचे, मुख्यतः एप्सनचे प्रिंटर दिसतात. शाईच्या टाकीचे छोटे मॉडेल आणून त्यात पहिल्या दिवसापासून सब्लिमेशनची शाई भरणे हा स्वस्त मार्ग. त्यात कंपनीची हमी जाते. याच शाईसाठी बनवलेली यंत्रेही मिळतात, ती महाग. कोणतेही घेतले तरी आठवडाभर बंद ठेवले की नोझल चोक होतात. ज्याच्याकडे काम तुटक येते त्याने रोज एक रंगपट्टी काढण्याची सवय लावणे बरे.

दुसरी निवड प्रेसची. नुसत्या मगचा प्रेस साधारण 300 ते 400 वॅट खातो. टी-शर्ट, थाळी, मग सगळे करणारा पाच-कामी प्रेस बाजारात फार खपवला जातो, पण त्याच्या सपाट तव्याला त्याच्या तिपटी-चौपटीने वीज लागते. काळी नदीवरच्या सुपा धरणाखाली जुने सुपा गाव गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. त्या धरणाची वीज दूरदूर जाते. तरी जंगलातून गेलेल्या तारांवर पावसाळ्यात फांदी पडली की पुरवठा तुटतो. इन्व्हर्टरवर मगचा प्रेस तग धरतो, तवा धरत नाही. निव्वळ मगच करायचे असतील तर साधा प्रेसच शहाणपणाचा.

पावसाचा त्रास विजेपेक्षा कागदाला अधिक. सब्लिमेशनचा कागद ओल धरतो. दमट कागद प्रेसमध्ये गेला की पाण्याची वाफ रंगाच्या वाफेआधी सुटते आणि चित्रावर फिकट डाग पडतात. कागद बंद डब्यात ठेवणे आणि छापल्यावर प्रेसच्या उबेत काही क्षण वाळवणे, हा जून ते सप्टेंबरचा नेम.

प्रत्यक्ष काम तीन-चार मिनिटांचे. अकरा औंसाच्या मगला कान सोडून साधारण 20 सेंटिमीटर रुंद चित्र बसते. ते आरशातल्यासारखे उलटे छापायचे. विसरले तर मजकूर उलटा येतो आणि आल्वारिशच्या सुरईची आठवण होते. कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने गच्च बांधायचा, मग प्रेसमध्ये ठेवून 180 ते 190 अंशांवर सुमारे तीन मिनिटे दाबायचा आणि कागद एका झटक्यात सोडवायचा. हलला तर अक्षराला सावली पडते. वर-खालच्या काठाशी तापपट्टी नीट टेकत नाही, म्हणून मजकूर तिथून आत घ्यायचा. देवनागरीत कागद किंचित तिरका बसला तरी शिरोरेषा लगेच चुगली करते.

मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही मागितला जाण्याचा हा मुलूख. श्रीलिपी किंवा नुडी या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवलेली फाइल ते फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांची रोमन चिन्हे होतात. म्हणून पाठवण्याआधी अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकृती, करून घेतात आणि छापण्याआधी मजकूर लिपी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घेतात.

ऑर्डर मोठी असेल, समजा एकाच चित्राचे पाचशे मग, तर प्रेसवर एकेक मग दाबत बसण्यापेक्षा डीकॅल करून देणाऱ्या कारखान्याकडे काम पाठवणे स्वस्त पडते आणि छापही अधिक टिकतो. सब्लिमेशनचा लेप तारेच्या घासणीने हळूहळू झिजतो. मग विकताना तो मऊ फडक्याने धुवायला सांगावे लागते.