कॅनरी बेटे

कॅनरी बेटे : अटलांटिक महासागरातील, स्पेनच्या अमलाखालील ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह. क्षेत्रफळ सुमारे ७,४५० चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे २२ लाख. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यापासून जवळात जवळ सुमारे १०० किमी. अंतरावर तो वसला आहे. तेनेरीफे, फुएर्तेव्हेन्तुरा, ग्रान कानारिया, लान्सारोते, ला पाल्मा, ला गोमेरा आणि एल येर्रो ही त्यातील सात मुख्य बेटे असून लान्सारोतेच्या उत्तरेचे चिमुकले ला ग्रासिओसा २०१८ पासून वस्तीचे आठवे बेट म्हणून गणले जाते. राजधानीचा मान सांता क्रूस दे तेनेरीफे आणि लास पाल्मास या दोन शहरांकडे संयुक्तपणे आहे. वर्षाकाठी १ कोटीहून अधिक प्रवासी येथील सौम्य उन्हासाठी येतात; तथापि भूगर्भातील अग्नीने निर्मिलेल्या आणि पाण्याला नेहमी पारख्या राहिलेल्या या भूमीवर मनुष्याने आपला संसार कसा थाटला, हे पाहिल्याखेरीज या बेटांची ओळख पुरी होत नाही.

भूरचना : समुद्रतळावर युगानुयुगे साचलेल्या लाव्हारसातून ही बेटे वर आली. पूर्वेकडील फुएर्तेव्हेन्तुराचे वय २ कोटी वर्षांहून अधिक असून पश्चिमेकडे जावे तसतशी भूमी सामान्यतः तरुण होत जाते. म्हणूनच पूर्वेची बेटे झिजून सखल झाली आहेत, तर पश्चिमेच्या बेटांवर खोल दऱ्या आणि समुद्रात थेट उतरणारे कडे आढळतात. तेनेरीफेवरील तेइदे (३,७१५ मी.) हे स्पेनमधील सर्वोच्च शिखर होय. अग्नी अद्याप शमलेला नाही : २०२१ मध्ये ला पाल्मावर १९ सप्टेंबरपासून १३ डिसेंबरपर्यंत उद्रेक चालू होता आणि त्यात हजाराहून अधिक घरे, केळीच्या बागा व रस्ते लाव्ह्याखाली गडप झाले.

हवामान : कर्कवृत्ताच्या इतक्या निकट असूनही येथे उष्णतेचा ताप जाणवत नाही, याचे श्रेय ईशान्येकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांना आणि थंड कॅनरी सागरप्रवाहाला आहे. किनाऱ्यावर हिवाळ्यात दिवसाचे तापमान २०° से.च्या आसपास असते. हे वारे उंच बेटांच्या उत्तर उतारांवर अडून तेथे ढगांचा थर साचतो. त्यामुळे एकाच बेटाची उत्तर बाजू हिरवीगार, तर दक्षिण बाजू कोरडी व लख्ख उन्हाची असते. क्वचित सहारा वाळवंटाकडून ‘कालिमा’ नावाची धूळभरली उष्ण हवा येते आणि आसमंत पिवळट होऊन जातो.

इतिहास : येथील मूळ रहिवाशांचे पूर्वज उत्तर आफ्रिकेतील बर्बर लोक होत, शेळीपालन आणि जवाची शेती यांवर त्यांचा निर्वाह चाले. १४०२ मध्ये सुरू झालेली यूरोपीयांची स्वारी १४९६ मध्ये तेनेरीफेच्या पाडावाने संपली आणि सारा मुलूख स्पेनमधील कॅस्टील राज्याच्या हुकमतीखाली आला. १४९२ च्या सफरीत कोलंबसाने अज्ञात सागराकडे वळण्यापूर्वी आपला अखेरचा मुक्काम ला गोमेरावर केला होता. पुढे साखर, मद्य आणि निवडुंगावर पोसलेल्या कोचिनिअल किड्यांचा तांबडा रंग या एकामागून एक आलेल्या पिकांवर बेटांची भरभराट व पडझड अवलंबून राहिली. १८५२ च्या फर्मानाने येथील बंदरे जकातमुक्त झाली. जहाजांची रहदारी वाढली आणि पुढे त्याच आकर्षणाने सिंधी व्यापाऱ्यांनीही येथे पेढ्या थाटल्या.

प्रेक्षणीय स्थळे : तेइदेच्या ३,५५५ मी. उंचीवरील स्थानकापर्यंत रज्जुमार्ग जातो. तेथून शिखरमाथ्यावर जाण्यास मात्र आगाऊ परवाना घ्यावा लागतो. ढगांचा थर पायतळी पसरला असता, तेइदेभोवतीच्या पिवळ्या-तांबड्या खडकांच्या विस्तीर्ण कुंडात उभे राहणे हा या यात्रेतील उत्तम अनुभव होय. ला पाल्माच्या माथ्यावरील वेधशाळेत १०·४ मी. व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण असून तेथील निरभ्र रात्रींच्या रक्षणासाठी १९८८ मध्ये खास कायदा झाला. ला गोमेरावरील गाराहोनाय अरण्यात लॉरेल जातीचे प्राचीन वृक्ष धुक्यातील आर्द्रता पानांवर टिपून थेंबाथेंबाने जमिनीस देतात, आणि त्याच बेटावर दरीपलीकडील माणसाशी शिट्टीच्या भाषेत बोलण्याची परंपरा आजही शाळांतून शिकविली जाते.

सर्वांत विलक्षण बेट लान्सारोते. १७३० ते १७३६ या काळातील उद्रेकांनी त्याची सुमारे चतुर्थांश भूमी झाकून टाकली. तिमानफाया राष्ट्रीय उद्यानातील वाटाडे जमिनीत पुरलेल्या नळीत बादलीभर पाणी ओततात आणि क्षणार्धात वाफेचा स्तंभ गर्जत वर उसळतो. उथळ खड्ड्यात टाकलेले वाळके झुडूप आपोआप पेट घेते. याच बेटावरील ला हेरिया भागात शेतकऱ्यांनी काळ्या राखेत शंकूच्या आकाराचे खळगे खणले, तळाच्या जुन्या मातीत एकेक द्राक्षवेल लावली आणि वाऱ्याच्या बाजूस दगडांची अर्धवर्तुळाकार बुटकी भिंत रचली. राख ओलावा धरून ठेवते व बाष्पीभवन रोखते, त्यामुळे जवळजवळ पर्जन्यहीन प्रदेशात वेली तगतात. ज्या राखेने शेते पुरली तिच्याच आधाराने पुन्हा शेती उभी करणाऱ्या या अनाम कुणब्यांची करामत कोणत्याही राजप्रासादाहून कमी नव्हे. याच बेटाचे सुपुत्र, चित्रकार सेसार मान्रिके (१९१९–९२) यांनी लाव्ह्याच्या गुहांतच सभागृहे व उद्याने रचून, नवे बांधकाम भूमीच्या स्वभावाशी जुळते असावे, हा आग्रह आयुष्यभर धरला.

प्रवास व मुक्काम : भारतीय प्रवाशास स्पेनचा शेंगेन व्हिसा लागतो आणि माद्रिद किंवा अन्य यूरोपीय शहरामार्गे जावे लागते, बेटाबेटांत विमाने व जहाजे नियमित चालतात. चलन यूरो. समुद्रस्नानासाठी उन्हाळ्याची अखेर, तर पदभ्रमणासाठी हिवाळा व वसंत ऋतू सोयीचे. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास सांता क्रूसचा कार्निव्हल भरतो. शाकाहारी मनुष्याची उपासमार होत नाही : खारट पाण्यात साल सुरकुतेपर्यंत उकडलेले बटाटे व लसूण-मिरचीची ‘मोहो’ चटणी सर्वत्र मिळते, आणि भाजलेल्या धान्याचे ‘गोफियो’ हे पीठ तर आपल्या सातूच्या पिठाचे सख्खे भावंड शोभेल.

पर्यटन व पाणी : तेनेरीफेच्या डोंगरांत भूजलासाठी खोदलेले हजाराहून अधिक बोगदे आहेत, लान्सारोते आणि फुएर्तेव्हेन्तुरा यांची तहान मुख्यतः समुद्राचे खारे पाणी गोडे करून भागते. अशा मुलखात प्रवाशांच्या लोंढ्यासाठी जलतरण तलाव व हिरवळी राखल्या जात असता, घरभाडी मात्र स्थानिक रहिवाशांच्या आवाक्याबाहेर गेली. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये हजारो रहिवाशांनी रस्त्यांवर येऊन पर्यटनास मर्यादा घालण्याची मागणी केली. पर्यटन हाच बेटांचा प्रमुख चरितार्थ असल्याने या तक्रारीचा निवाडा सोपा नाही; परंतु प्रवाशाने दक्षिणेच्या किनाऱ्यावरील मोठ्या हॉटेलांपुरतेच न थांबता डोंगरातील गावांत मुक्काम करावा, तेथील द्राक्षे, चीज व केळी विकत घ्यावीत आणि पाणी जपून वापरावे, एवढे त्याच्या हाती निश्चितच आहे, आणि एवढ्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे सर्वथा न्याय्य आहे.