तळटीप नसलेलं सायटेशन

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. आमचं गाव लोहा तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्यापासून थोडं आत. धाकटी बहीण बाळंतपणाला आलेली, बाळ चौदा दिवसांचं. सकाळी सकाळी आशाताई हजर. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला, आणि मग घड्याळ समोर धरून बाळाच्या पोटाकडं बघत बसल्या. मी काहीतरी बोलायला गेलो तर, "दादा, एक मिनिट गप बसा, श्वास मोजायलेय मी." फॉर्म भरला, "आता एकविसाव्या दिवशी येते" म्हणून गेल्या.

दुसऱ्याचा कोड वाचताना एखादी लायब्ररी कुठून आली ते शोधायची आम्हा लोकांना खोड असते. श्वास मोजायचे, ठरलेल्या दिवशीच यायचं, हे कोणी सुरू केलं? शोधत गेलो आणि पोचलो थेट गडचिरोलीला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आले आणि 'सर्च' ही संस्था काढून १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले. न्यूमोनियानं लहान मुलं दगावत होती. गावात ना एक्सरे, ना डॉक्टर. पण न्यूमोनियात श्वास जोरात चालतो, आणि श्वास मोजता येतो. प्रश्न असा, की ज्या सुईणींना फार पुढचे आकडे येत नाहीत त्यांनी मोजायचं कसं? मग मण्यांचं एक साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. वाळू संपायच्या आत लाल मणी आला की न्यूमोनिया. इतका सोपा इंटरफेस मी अजून एकदाही बनवलेला नाही!

१९९० साली याचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. गावातल्या लोकांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यू ०.८ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या भागात १३.५ टक्के.

१९९९ चा लेख त्याच्याही पुढचा. ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं: घरोघर जाऊन नवजात बाळ तपासायचं, त्याला उबेत ठेवायचं, आणि जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायचं. तुलनेला ४७ गावं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला, म्हणजे तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्के घट.

आता संशोधकाचं मोठेपण मोजायची एक फूटपट्टी आहे, एच-इंडेक्स. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये काढली. तुमच्या २० लेखांचा प्रत्येकी निदान २० वेळा इतरांच्या लेखांत उल्लेख (म्हणजे सायटेशन) झाला असेल, तर इंडेक्स २०. पण २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली, २०११ मध्ये आपल्या सरकारनं त्या भेटी आशांकडे सोपवल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. लोह्यातल्या आशाताईंच्या फॉर्मवर लॅन्सेटचं नाव नाही. हे सायटेशन एच-इंडेक्समध्ये कुठंच धरलं जात नाही.

इथवर वाचून मी खूश होतो. मग लक्षात आलं, की सरकारनं कोड घेतला, पण एक फंक्शन गाळलं: इंजेक्शन. आशा बाळ तपासते, लक्षणं ओळखते आणि पुढं पाठवते. २०१४ मध्ये जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली ती एएनएमना. प्रशिक्षित नर्सशिवाय सुई कुणाच्या हाती देऊ नये, ही काळजी मी समजू शकतो. पण गडचिरोलीच्या प्रयोगानं तपासलं होतं नेमकं तेच. रात्री दोनला बाळ दूध प्यायचं बंद झालं तर गावात कोण असतं? एएनएमच्या हाताखाली तीन-चार गावं असतात. आशा शेजारच्या गल्लीत राहते.

म्हणून एखाद्या लेखाचा किती ठिकाणी उल्लेख झाला हे मोजून भागत नाही. त्यातलं काय उचललं आणि काय सोडलं, तेही बघावं लागतं.

असो. भाच्याचे श्वास ४४ भरले होते. साठच्या आत म्हणजे ठीक, एवढं आता मलाही कळतं.